सवतीचा टाक

अक्का गेली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मरतानाही हिनंच बाजी मारली. नवऱ्याच्या आधी गेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातभर चुडा, आणि ओटी भरायला अख्ख्या गावच्या सवाष्णींची रांग. आमचे धनी अठ्ठ्याहत्तरीचे, खोकता खोकता दुमते होतात. तेव्हा माझ्या वाट्याला असलं अहेव मरण काही येत नाही.

अक्का म्हणजे मनुबाई, माझी थोरली सवत. मी अंजना, धाकटी. मी तिच्यावर जळत होते का, असं कुणी विचारलं तर होय, जळत होते. छत्तीस सालापासून या चौऱ्याहत्तरच्या माघापर्यंत, अडतीस वर्षं. तिच्यात काही खोट असती तर माझं जळणं लोकांना पटलं तरी असतं. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही.

मला या घरात तिनंच आणलं. लग्नाला वीस वर्षं होऊन तिची कूस उजवली नाही, तेव्हा ती स्वतः बैलगाडीत बसून इस्लामपूरकडून आमच्या माण तालुक्यात आली. आमच्याकडं प्यायचं पाणी तेव्हा दोन कोसांवरून यायचं. तिनं माझे हात बघितले, चालणं बघितलं, आणि माझ्या आईला म्हणाली, "सवत म्हनून न्हेत न्हाई. भन म्हनून न्हेती."

आणि तशीच वागली. पहिली दोन वर्षं तिनं मला उसात पाऊल टाकू दिलं नाही, पानांनी अंग कापतं म्हणून. म्हशींच्या धारा, वीस माणसांच्या भाकरी, सासूचं अंथरुणातलं सगळं तिनंच ओढलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपल्यात उरेल ती भाकरी तिची. एकदा मी मुद्दाम तीही खाऊन टाकली, बघू काय करते. तिनं गूळ खाऊन पाणी पिलं आणि मला विचारलं, "पोट भरलं न्हवं गं अंजे?" अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

मग जोतीराम झाला. बाराव्या दिवशी आमच्या नणंदेनं, राहीबाईंनी, सांगितलं की पहिलं पोर थोरलीच्या ओटीत घालायचं. मला वाटलं, बारशातला एखादा विधी असेल, घालायचं आणि परत घ्यायचं. मी घातलं. परत घ्यायला हात पुढं केले तर अक्का पोराला छातीशी धरून हुंदके देत होती आणि सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. मी हात मागं घेतले. तिथं चुकले. त्यानंतर तो माझ्याकडं यायचा तो दूध प्यायला तेवढा. आणि मला दुसरं मूल झालं नाही.

बोलायला लागला तसा तो तिला आई म्हणाला. दिराची पोरं मला काकी म्हणायची, त्यांचं ऐकून तोही काकी म्हणायला लागला. अक्का त्याला शिकवायची, "काकी न्हवं रं, आई म्हन तिला." तो म्हणायचा, "आई तर तू हायस." यावर ती हसायची. ते हसणं वाईट नव्हतं, हे मला कळत होतं. तरी प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

माहेर तरी माझं राहावं? बहात्तरच्या दुष्काळात माझा भाऊ आप्पासो बायकापोरांसकट आमच्याकडं आला. आठ महिने अक्कानं त्यांना पोटभर घातलं, स्वतः रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली. पाऊस झाला, माणसं परत निघाली, तेव्हा माझ्या सख्ख्या भावानं लुगडं आणलं ते अक्काला. मला खण. तो खण मी आजवर शिवला नाही.

माझ्यापाशी एकच गोष्ट अशी होती, जी अक्कापाशी नव्हती. जोतीराम पलटणीत गेला. रजा संपवून निघाला की तो आधी माझ्या पाया पडायचा आणि मग अक्काच्या. दरवर्षी. मी त्या वेळी हळूच अक्काकडं बघायची, तिचं तोंड उतरलंय का म्हणून. ती हसतच असायची. मी समजायची, आतून जळत असणार, दाखवत नाही. त्या एका सकाळीवर मी पुढचं वर्ष काढायची.

तार मिळून जोतीराम आला तो तिसऱ्या दिवशी. सोप्यात पोत्यावर बसून लहान पोरासारखा रडला. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या गळ्यात पडून अक्कासाठी रडत होत्या. कुणाचं बाळंतपण तिनं केलं होतं, कुणाच्या घरात लग्नाला आठवडाभर राबली होती. मी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या वेळी यातली एकतरी येईल का? दहाव्याला जोतीरामनं डोकं आणि मिशा उतरवल्या. तेही मी बघितलं. माझ्यासाठी उतरवील का, हे विचारायला तोंड कुठं होतं?

तेराव्याची जेवणं उरकली आणि राहीबाईंनी कनवटीची पुडी सोडली. आत चांदीचा टाक होता, सुपारीएवढा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. अक्काची जोडवी आटवून सोनाराकडून करून घेतला होता. गेलेल्या सवतीचा टाक मागच्या सवतीनं गळ्यात घालायचा, आपण नेसायच्या आधी तिला लुगडं दाखवायचं, जेवायच्या आधी घास दाखवायचा. म्हणजे गेलेली रुसत नाही. राहीबाई काळ्या दोऱ्यात टाक ओवून माझ्यापुढं उभ्या राहिल्या.

"न्हाई घालायची," मी म्हटलं.

"अगं, रीत हाय."

"थोरली मेल्यावर जी येती तिच्यासाठी हाय रीत. मी ती असतानाच आलीया. अडतीस वर्सं तिच्या मागनं चालली, आता गळ्यात बी तीच व्हय?"

धन्यांनी मान खाली घातली. मी उठून मागच्या परड्यात गेले आणि म्हशीला वैरण टाकायला लागले. पाठोपाठ जोतीराम आला.

"काकी, आईनं तुजं काय वाईट केलं?"

"काय बी न्हाई. तेच तर."

तो दाव्याशी चाळा करायला लागला. मग समजूत घालायच्या आवाजात म्हणाला, "तुला ठावं न्हाई. लय जीव हुता तिचा तुज्यावर. मी निगालो की आदल्या दिवशीच सांगायची, आदी अंजीच्या पाया पड, मगच माज्याकडं ये. एकदा इसरलो तर पाय मागं घेतलं हुतं तिनं."

त्यानं ते तिची थोरवी सांगायला सांगितलं. मला काय झालं ते त्याला कळायचं कारण नव्हतं. माझं म्हणून जे एक होतं तेही तिनंच दिलेलं निघालं. मी हातातली वैरण खाली टाकली, घरात आले आणि राहीबाईंना म्हटलं, "बांधा." नाही म्हणायला आता माझ्यापाशी काही राहिलंच नव्हतं.

दोन दिवसांनी त्याची रजा संपली. सकाळच्या एसटीनं सांगली, तिथून मिरजेला गाडी. सुनेनं भाकरी बांधून दिल्या. मी मात्र पहाटेच टाक चोळीच्या आत सारला आणि वरून पदर घट्ट ओढून घेतला. आज त्याला शिकवणारं कुणी नव्हतं. आज तो आपल्या मनानं काय करतो, कुणाला काय म्हणतो, ते मला बघायचं होतं.

तो धन्यांच्या पाया पडला. देवाला हात जोडले. मग माझ्याकडं आला, वाकला, पायांना हात लावला.

"काकी, येतो."

"ये," मी म्हटलं.

तो गेला नाही. माझ्या गळ्याकडं बघत उभा राहिला.

"आई कुठाय?"

काढून ठेवलाय, असं मला सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्याचे डोळे भरले होते, आणि मी दोरा धरून टाक बाहेर काढला.

एकतीस वर्षांचा हवालदार गडी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं आपलं तासलेलं डोकं त्या टाकावर टेकवलं. टाक माझ्या छातीवर होता. त्याच्या कपाळाची ऊब मला चोळीतून लागत होती.

"आई," तो म्हणाला, "येतो गं."

चांदी काही बोलणार नव्हती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ये, बाळा."

तो मान वर करायला लागला. मी हात तसाच दाबून धरला.