पिनांवरची रबरी टोपी

शुक्रवारी दुपारी रादिसावने गाडी मागे घेत घेत गॅरेजात घातली, तेव्हाच गॅरेजवाल्या विदोयेच्या कपाळाला आठी पडली. डिकीत स्पीकरचा एवढा मोठा खोका कोंबलेला होता की झाकण दोरीने बांधून आणलं होतं.

"परवा पोरीचं लग्न आणि तू आज उगवतोस?" विदोये म्हणाला.

"मग कुठे जाऊ? माझा कूम कोण, तू की नगराध्यक्ष?"

कूम म्हणजे लग्नातला साक्षीदार आणि पोरांचा धर्मपिता. रादिसावच्या लग्नात चर्चमध्ये त्याच्या शेजारी उभा राहिला होता तो विदोये, आणि सव्वीस वर्षांपूर्वी त्याच्या पोरीच्या, तियानाच्या, बाप्तिस्म्याला तिला हातावर धरलं होतं तेही विदोयेनेच. आमच्याकडे माणूस सख्ख्या भावाला खुशाल नाही म्हणतो, कुमाला म्हणत नाही. त्यात विदोयेला मूलबाळ नव्हतं. त्या पोरीत त्याचा जीव होता, आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

काम म्हटलं तर सोपं होतं. चर्चला जाताना डिकीत राकियाच्या, म्हणजे फळांच्या कडक दारूच्या, बरण्या जाणार होत्या. नंतर हॉलवर त्या उतरवायच्या, खोका आत सरकवायचा, डिकी उघडी टाकायची आणि अंगणात नाच सुरू. अँप्लिफायर खोक्यालाच ठोकलेला होता. म्हणजे बॅटरीकडून येणारी जाड तार आणि दारांतल्या स्पीकरांच्या तारा, दोन्हींना मध्ये सुटणारे कनेक्टर हवे होते.

कनेक्टर निवडण्याच्या बाबतीत विदोये पाद्र्यापेक्षा कडक. त्याचे नियम दोनच. पॉवरचा आणि स्पीकरचा कनेक्टर कधी एका जातीचा घ्यायचा नाही, कारण घाईत माणूस एकाचं टोक दुसऱ्यात खुपसतोच. आणि बॅटरीकडच्या तारेला कायम खोबणीचं टोक लावायचं, पिना खोक्याकडे. खोका काढला तरी गाडीत राहिलेल्या टोकात वीज असतेच. तिथलं तांबं उघडं पडता कामा नये. या दुसऱ्या नियमापायी त्याने गिऱ्हाइकं घालवली होती.

रादिसावने खिशातून पिवळ्या कनेक्टरच्या दोन जोड्या काढल्या. दोन्ही हुबेहूब सारख्या. शिवाय पुढच्या सीटवरून त्याने बॅटरीच्या तारेचं वेटोळं उचललं. तिच्या टोकाला दोन सोनेरी पिना आधीच डाक देऊन पक्क्या केलेल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"जावयाने. स्वतः बसून. बघ, डाक किती स्वच्छ आहे."

"डाक स्वच्छ आहे. टोक उलटं आहे. तोडावं लागेल."

"माझ्या जावयाचं पहिलं काम तोडणार तू? परवा त्याला काय तोंड दाखवू?"

"रादिसाव, खोका काढल्यावर या पिना डिकीत उघड्या पडतील. जिवंत."

"बॅटरीपाशी फ्यूज लावतोयस ना? काही झालं तर फ्यूज उडेल."

"फ्यूजच्या आधी ठिणगी उडते."

रादिसाव हसला. पिंपातून भरून आणलेली बाटली त्याने बाकावर ठेवली. "पोरीला हातावर घेताना थरथरला नाहीस, आणि दोन पिनांना घाबरतोस होय रे?"

विदोये वरमला. त्याने अर्धंमुर्धं ऐकलं, आणि अर्धंमुर्धं ऐकणारा माणूसच जास्त फसतो असं माझं मत आहे. स्पीकरसाठी त्याने स्वतःच्या खणातला गोल कनेक्टर काढला, एक नियम वाचवला. पॉवरला मात्र जावयाचंच टोक ठेवलं आणि पिनांवर घट्ट बसणारी काळी रबरी टोपी शोधून आणली.

"खोका काढलास की आधी ही टोपी. मग बाकीचं जग."

"आईशपथ," रादिसाव म्हणाला. "मागच्या लग्नात गिरणीच्या पुलावर वरात अडवून माझी अख्खी बरणी उकळलीस, आठवतं? या खेपेला अडवलीस तर पहिल्या धारेची पाजीन."

काम संपलं, खोका सुटाच ठेवून पिनांवर टोपी बसवली, पेले भरले गेले आणि विदोयेच्या मनातली कुरकुर थोडी निवली.

रविवारी सकाळी तो नव्या कोटात गॅरेजात शिरला तो बूट पुसायला फडकं घ्यायला. हॉलमधले दिवे जोडायचे होते, म्हणून तो नवरीच्या घरी न जाता परस्पर तिकडे निघणार होता. बाकावर मीटर होता. मीटरशेजारी काळी टोपी होती.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला आठवलं. शेवटचं व्होल्टेज मोजायला त्यानेच ती काढली होती, आणि तेवढ्यात रादिसावने हातात दुसरा पेला दिला होता. चाळीस वर्षं लोकांना शिकवणारा माणूस, आणि टोपी बाकावर.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला, पण पलीकडे वाजंत्र्यांच्या कर्ण्यांचा असा गोंगाट होता की रादिसावला "हॅलो"सुद्धा ऐकू गेलं नसावं. वरात निघाली होती. रीत नसताना नवरीची गाडी मीच चालवणार म्हणून रादिसाव हट्टाला पेटला होता, तेव्हा तियाना त्याच गाडीत मागे बसलेली असणार. तिच्या पाठीमागे, सीटच्या पलीकडे, लोखंडी तारांच्या टोपल्यांत बसवलेल्या काचेच्या बरण्या, आणि त्यांच्यात त्या दोन पिना.

टोपी खिशात टाकून विदोयेने व्हॅन बागांमधल्या रस्त्याने दामटली. मनात एकच होतं, गाडी थांबवायची आणि बॅटरीची तार काढायची. वरातीच्या आधी दोन मिनिटं तो गिरणीच्या पुलावर पोचला आणि व्हॅन आडवी लावून रस्त्यात उभा राहिला.

वरात वळणावरून आली. त्याला बघून एकच हशा पिकला. हॉर्न वाजले, कर्णेवाले उतरून आणखी जोरात फुंकायला लागले. रादिसाव तोंडात सिगरेट धरून खाली उतरला, हात पसरून.

"आलाच कूम! सांगितलं नव्हतं, पुलावर अडवणार म्हणून?"

"डिकी उघडू नकोस!" विदोये ओरडला.

"काय? देतो, देतो. पहिल्या धारेची."

विदोये पळत सुटला, पण मध्ये पाहुणे होते. कुणी त्याला मिठी मारली, कुणी कोटाला फूल खोचलं. डिकी उघडली तसा राकियाचा उग्र वास त्याच्यापर्यंत आला. वाटेत कुठली तरी बरणी गळली होती. रादिसावने मागची बरणी टोपलीसकट पुढे ओढली, आणि तारांची ती टोपली दोन्ही पिनांवरून घासत आली.

आवाज फार मोठा झाला नाही. चट्, एवढंच. दारूची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून लोक हसतच राहिले. डिकीवरची कागदी फुलं आपोआप आक्रसायला लागली, तेव्हा ते फक्त विदोयेला कळलं.

त्याने मागचं दार उघडलं आणि तियानाला दंडाला धरून बाहेर खेचलं. "कूम नवरी पळवतोय!" म्हणून कुणीतरी टाळ्या पिटल्या. मग रादिसाव किंचाळला, आणि कर्णे एकेक करून थांबले.

गाडी जळून संपेपर्यंत लोकांनी रादिसावला ओढ्याकाठी नेलं होतं. ओल्या टेबलक्लॉथात गुंडाळलेले दोन्ही हात त्याने मांडीवर धरले होते. बोटं राहतील की नाही, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुणी सांगू शकत नव्हतं. तियाना त्याच्या शेजारी चिखलात बसली होती, झग्याची कड काळी झालेली.

"तू बजावलं होतंस," रादिसाव विदोयेला म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "खोका काढताना टोपी पडली असेल माझ्याकडून. बघितलंच नाही मी. माझ्या हातांनी पोरीला जाळत होतो, कूम. तू नसतास तर."

विदोयेने खिशातली टोपी काढून मुठीत आवळली. सगळे त्याच्याकडे देवमाणसाकडे बघावं तसं बघत होते. गाडीचा कोळसा झाला होता, टोपीचं काय झालं हे आता कुणी विचारणार नव्हतं.

तियानाने डोळे पुसले आणि त्याचा हात हातात घ्यायला गेली. तो उघडेना.

"कूम, मुठीत काय आहे तुमच्या?"

त्याने रादिसावकडे पाहिलं, मग मूठ उघडली.