वैऱ्याचं कातडं

सिल्लोडकडच्या सांडूनानांचं जगात कुणाशी वाकडं नव्हतं, रानडुकरं सोडून. दरसाल निम्मी मका ती फस्त करायची, अन् नाना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

दोन वर्षांपूर्वी नानांच्या बेंबीजवळच्या हर्नियाला प्लास्टिकची जाळी बसवली होती. यंदा तिथं पू धरला. मुलगा गोकुळ त्यांना शहरात, गारखेड्यातल्या आपल्या घरी घेऊन आला आणि जवळच्या दवाखान्यात डॉक्टर रूपांना दाखवलं.

डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. "काका, जुन्या जाळीवर जंतूंनी घर केलंय. ती काढावीच लागेल. पण मग पोटाच्या भिंतीला भगदाड राहतं, अन् पू झालेल्या जागेत परत प्लास्टिक टाकलं तर त्यालाही जंतू धरायची भीती."

"मग वं?"

"कातड्याची जाळी टाकू. जनावराचं कातडं स्वच्छ करून, त्यातल्या पेशी काढून ती बनवतात. नुसता सांगाडा उरतो. त्यात हळूहळू तुमच्याच रक्तवाहिन्या शिरतात."

"जनावर कोणतं?"

गोकुळला जोराचा खोकला आला. त्याला हे आधीच ठाऊक होतं, आणि बाबांना सांगू नका म्हणून त्यानं विनवलंही होतं. "पोट त्यांचं, सही त्यांची," एवढंच डॉक्टर म्हणाल्या होत्या. आताही त्यांनी सरळ सांगून टाकलं, "डुक्कर."

नाना खुर्चीत ताठ झाले. "माझी मका खाल्ली त्यानं! आता त्यालाच पोटात ठेवून घेऊ व्हय?"

"हे पाळीव डुकराचं असतं, काका. दुसरीही मिळते. गाय-बैलाची."

"राम राम राम!" नानांनी कानाला हात लावले. "बैलाला पोळ्याला पुरणपोळी चारतो मी. नाय नाय, त्यापरीस डुक्करच बरं."

म्हणाले खरं, पण वॉर्डात आल्यावर त्यांना चैन पडेना. बायको लक्ष्मीबाई मोसंबी सोलत बसल्या होत्या. नानांनी हळूच विचारलं, "डुकराचं कातडं घेऊन घरी आलो, तर देवघरात येऊ देशील का?"

लक्ष्मीबाईंनी मान वर न करता फोड पुढं केली. "ढाब्यावरचं काय काय गेलं त्या पोटात, मी कधी इचारलं? तुमी धडधाकट या, बस्स."

नानांनी सही केली.

ऑपरेशन तीन तास चाललं. शुद्धीवर आल्यावर नानांनी पट्टीवर हळूच हात ठेवला. किळस येईल असं वाटलं होतं. आली नाही. हाताला गरम लागत होतं, दुखत होतं, त्यांचंच पोट होतं ते. त्यांना एकदम रडू आलं, आणि टाके ताणले म्हणून ते थांबलंही.

आठवड्यात ताप उतरला, जखमेतली नळी निघाली. "पुढं फुगवटा येणारच नाही असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या, "पण जंतू आटोक्यात आलेत. तीन महिने वजन उचलायचं नाही."

महिन्यानं सून सायली त्यांना पोटाचा पट्टा घ्यायला क्रांती चौकात घेऊन गेली. दुकानदारानं मापाची टेप काढली. नानांनी श्वास ओढून पोट आत घेतलं.

"बाबा, खरं माप द्या," सायली म्हणाली.

नानांनी श्वास सोडला. टेप चार बोटं सरकली, आणि दुकानदारानं वरच्या कप्प्यातला मोठा पट्टा काढला.