खाडाखोड नसलेली यादी

साठी बुद्धी नाठी म्हणतात. मास्तर अडुसष्टचे होते, म्हणजे त्या मापाने त्यांची बुद्धी पळून आठ वर्षं झाली होती. पण हे त्यांच्या तोंडावर सांगायची गोदी कामगारांच्या फुटबॉल क्लबात कुणाची छाती नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी हा संघ शिकवला होता. कुणाला खेळवायचं आणि कुणाला बाकावर बसवायचं यात त्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही, आणि आता तर ऐकायचं वयही उरलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ते मैदानावर आले तेव्हा रोलरच्या आडोशाला त्यांचा जावई आणि क्लबचा सेक्रेटरी डोक्याला डोकं लावून बोलत होते. जावई हाच त्यांचा मदतनीस. सहा वर्षांपूर्वी मास्तरांनीच त्याला क्लबात आणला होता. मास्तर दिसताच दोघं गप्प झाले, आणि जावई एकदम गोलच्या जाळीबद्दल मोठ्याने बोलायला लागला. जाळी तर परवाच बदलली होती. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मास्तरांनी ओळखलं.

मुरायला कारणही होतं. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात टिकणार होता, हरला तर खालच्या गटात जाणार होता. आणि संघ खाली गेला तर मास्तरांनी घरी बसायचं, हे कमिटीचं ठरलं होतं. सेक्रेटरीनेच ते सांगितलं होतं. "तुम्हीही दमला असाल मास्तर, किती वर्षं झाली," असं अगदी मधाळ आवाजात. मधाळ बोलणाऱ्या माणसाकडे मास्तर कधी पाठ करत नसत.

सगळ्या कुजबुजीच्या मुळाशी होता खांब. खांब म्हणजे संघाचा स्टॉपर, गोलकीपरच्या पुढे मधोमध उभा राहणारा शेवटचा माणूस. वय सदतीस. सतराव्या वर्षी तो क्लबात आला तेव्हा निवड समितीतल्या चौघांनी त्याचं नाव खोडलं होतं. पोराचे पाय लाकडाचे आहेत म्हणाले. एकट्या मास्तरांनी ते नाव पुन्हा लिहिलं, आणि पुढची बारा-तेरा वर्षं खांबाला ओलांडून जाणं म्हणजे भिंतीतून जाण्यासारखं झालं. ते चौघं समितीतून गेले, दोघं तर जगातूनही गेले, पण मास्तरांनी तो किस्सा काही खाली ठेवला नाही. कुणी काही सुचवलं, की ते म्हणत, "खांबाच्या वेळेलाही सगळे शहाणे एका बाजूला होते."

आता त्याच खांबाला बसवा आणि बेकरीवाल्याला घ्या, असं जो तो आडून आडून सुचवत होता. बेकरीवाला बावीस वर्षांचा, पहाटे भट्टीवर पाव काढून मग सरावाला येणारा, पायांत वारा भरलेला. "पळतो चांगला," मास्तर म्हणत. "ससाही चांगला पळतो. म्हणून त्याला स्टॉपर करतात का?"

खरी गंमत पुढेच होती. मोसमाच्या उत्तरार्धातल्या दहा सामन्यांत मास्तरांनी दहाही वेळा खांबाचं नाव लिहिलं, आणि आठ वेळा खांब ऐन वॉर्म-अपमध्ये जायबंदी झाला. कधी मांडी धरली, कधी पाठ, एकदा तर पोट. आठही वेळा बेकरीवाला आत गेला आणि आठांतला एकही सामना संघ हरला नाही. खांब खेळला ते दोन्ही हरले. एखाद्याने यातून सरळ अर्थ काढला असता. मास्तरांनी काढला तो असा, की खांबावर कुणाचा तरी डाव आहे. आधी त्यांना मालिशवाल्याचा संशय आला. त्याचं तेल बदलायला लावलं, तरी मांडी धरलीच. मग बुटांचा संशय आला. नवे बूट आले, तर पाठ धरली.

मंगळवारी दुपारी, नखं कापता कापता, मास्तरांचा हात थांबला. खांब धडधाकट राहिला ते दोन शनिवार कोणते? जावयाला कावीळ झाली होती, ते! जावई मैदानात नसला की खांबाला काही होत नाही. जावई आला की मांडी धरते. मास्तरांनी नखं तशीच अर्धी टाकली.

मास्तरांची एक पद्धत होती. शुक्रवारी संध्याकाळी ते कार्बनच्या वहीत अकरा नावं लिहीत. वरचा कागद फाडून जावयाला देत, खालची प्रत वहीत राही. शनिवारी जावई, तो नसला तर सेक्रेटरी, ती नावं स्पर्धेच्या छापील अर्जावर उतरवून, खाली सही करून पंचांना देई. पूर्वी हे मास्तर स्वतः करत. अक्षर बारीक दिसायला लागल्यापासून "ते कारकुनी काम" त्यांनी जावयाकडे ढकललं होतं. त्या अर्जाची गुलाबी प्रत सेक्रेटरीच्या फाइलीत लागे.

गुरुवारी सेक्रेटरी दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि मास्तर वही काखेत मारून त्याच्या खोलीत शिरले. एकेक गुलाबी कागद काढून वहीशेजारी ठेवला. आठ कागदांवर खांबाच्या जागी बेकरीवाल्याचं नाव होतं. त्यात नवल नाही, खेळला तोच होता. मास्तर फाइल मिटणार, तेवढ्यात त्यांना ते दिसलं. कागद स्वच्छ होते. एकाही नावावर खाडाखोड नव्हती.

यादी पंचांना सामन्याच्या तासभर आधी द्यावी लागते. वॉर्म-अप सुरू होतो त्यानंतर अर्ध्या तासाने. त्यात कुणी जायबंदी झाला तर त्याचं नाव खोडून वर दुसरं लिहायचं आणि पंचांनी तिथे सही करायची, असा नियम. इथे खोडलेलं काहीच नव्हतं. म्हणजे खांबाने मांडी धरण्याच्या अर्धा तास आधी, ती मांडी धरणार हे जावयाला माहीत होतं. आठही वेळा.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आणि मास्तरांनी तो स्वतःच्या हाताने घरात आणून बसवला होता. धाक घालून खांबाला लंगडा करायचा, बेकरीवाल्याला पुढे करून कमिटीला निकाल दाखवायचे, आणि शेवटी सासऱ्याच्या खुर्चीत बसायचं. सगळे धागे जुळत होते. मास्तरांना राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला, कारण आपली नजर अजून शाबूत आहे याचा पुरावाच हाती आला होता.

शुक्रवारी त्यांनी बायकोला सांगितलं, "उद्या अर्ज मी स्वतः भरणार. तुमच्या लाडक्या जावयाला कळू द्यायचं नाही."

"तुम्हाला तर स्वतःच्या सावलीचाही संशय यायला लागलाय," ती म्हणाली. अर्ध्या तासाने फोन वाजला. स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलणं झालं, आणि ती बाहेर येऊन भिंतीकडे बघत म्हणाली, "लेक म्हणतेय, यादी नेहमीसारखी जावयांकडेच द्या. ऐका ना तिचं."

पोटची पोरगीही तिकडे, आणि बायको निरोप्या. त्या रात्री मास्तर वही उशाशी घेऊनच आडवे झाले.

शनिवारी ते दोन तास आधी मैदानावर पोहोचले. भिंग धरून, अकरा नावं अर्जावर उतरवायला त्यांना वीस मिनिटं लागली. खांबाचं नाव त्यांनी सगळ्यांत ठळक लिहिलं, सही केली आणि कागद पंचांच्या हातात दिला.

"मास्तर, यादी द्या," जावई दारात येऊन म्हणाला.

"दिली."

जावयाचा चेहरा उतरला. मास्तरांनी फाइलीतून आणलेले आठ गुलाबी कागद त्याच्यासमोर बाकावर टाकले. "ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार होता, जावईबापू?"

जावयाने कागद गोळा करून हातात धरले. "बाबा," तो म्हणाला. मैदानावर तो त्यांना कधी बाबा म्हणत नसे. "हे खांबाला विचारा. मला नका विचारू."

"त्याला काय विचारू? तुमच्यापुढे तो काय तोंड उघडणार?"

वॉर्म-अपमध्ये खांबाने डावी मांडी धरली आणि लंगडला मात्र उजव्या पायाने. मास्तर स्वतः त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. "यादी गेलीय. आज तू खेळतोयस. घाबरू नकोस, मी आहे."

खांबाने जावयाकडे पाहिलं, जावयाने मान खाली घातली. ती नजरानजर मास्तरांनी बरोबर टिपली.

पूर्वार्ध गोलशून्य गेला. प्रतिस्पर्ध्यांचा कडेने पळणारा विंगर तीनदा खांबाच्या बाजूने निघून गेला. एकदा चेंडू गोलपोस्टला लागून परतला, दोनदा गोलकीपरने जीव टाकून अडवला. मास्तर मात्र मैदानाकडे कमी आणि शेजारी बसलेल्या जावयाकडे जास्त बघत होते. मध्यंतरात खांब कपडे बदलायच्या खोलीत आला नाही. मागच्या नळाखाली डोकं धरून उभा होता.

"मास्तर, मला काढा."

"मला सगळं कळलंय रे. त्याने काय धमकी दिलीय ते सांग फक्त."

"कुणी धमकी दिली नाही." खांबाने तोंडावरचं पाणी पुसलं. "मीच त्यांना गळ घातली. आठही वेळा. माझं नाव घालू नका, मी मांडी धरून बसतो म्हणालो. ते नको म्हणत होते, मास्तरांशी खोटं नको म्हणाले. माझा गुडघा संपलाय. वर्ष झालं. मला वळता येत नाही. कमिटीने त्यांना तुमची जागा दोनदा देऊ केली, मंगळवारी रोलरपाशी तिसऱ्यांदा. मास्तर असेपर्यंत नाही, एवढंच ते म्हणतात."

"मग तू मला का नाही सांगितलंस? मला?"

"सांगितलं होतं. गेल्या मोसमात, दोनदा."

वीस वर्षं सोबत असलेला माणूस, आपला, एकट्याने निवडलेला. आणि मास्तरांच्या तोंडातून निघालं ते असं, "तुला हे बोलायला कुणी शिकवलं?"

खांब हसला, पण त्या हसण्यात काही गोड नव्हतं. "तेव्हाही तुम्ही हेच विचारलं होतं मास्तर. दोन्ही वेळा." शिट्टी झाली. तो वाकला, नाडी घट्ट केली आणि आत गेला.

उत्तरार्धात मास्तर बाकावर बसले नाहीत. रेषेपाशी उभं राहून त्यांनी खांबाकडे पाहिलं, आणि खरं सांगायचं तर वर्षभरात पहिल्यांदाच पाहिलं. त्याला वळायचं असलं की तो चार बारीक पावलं टाकत होता. म्हातारा माणूस जिन्यावर वळतो तशी. असले गुडघे मास्तरांनी आयुष्यात पन्नास पोरांचे पाहिले होते, आणि प्रत्येकाला दोन आठवड्यांत सांगितलं होतं, बाबा रे, थांब. त्यांना लाज वाटली, भीतीही वाटली.

"बदली करा," ते म्हणाले. "खांबाला काढा."

जावयाने लगेच पंचांकडे धाव घेतली. बेकरीवाला केव्हाच उठून उभा होता. चौथ्या पंचाने आकड्यांची पाटी वर धरली. पण चेंडू थांबल्याशिवाय बदली होत नाही, आणि चेंडू थांबेना. "बाहेर मारा! बाहेर!" मास्तर ओरडत होते. चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या पायांत होता आणि त्यांना काही घाई नव्हती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग विंगर आत घुसला. खांब वळायला लागला. एक पाऊल, दोन, तीन. चेंडू थांबला तो थेट जाळीत.

त्यानंतर बेकरीवाला आत गेला. छातीचा भाता फुटेपर्यंत धावला, पण गोल काही फिटला नाही. संघ खालच्या गटात गेला.

कपडे बदलायच्या खोलीत पोरं बूट सोडत होती. सेक्रेटरी आला, आज त्याच्या आवाजात मध नव्हता. "खांबाला खेळवायचं कुणाच्या डोक्यातून निघालं? सोमवारी कमिटी मला विचारणार."

"माझ्या," जावई लगेच म्हणाला. "मास्तर नकोच म्हणत होते."

"मी हट्ट धरला," खांब मागून म्हणाला. "मांडी बरी आहे असं खोटंच सांगितलं मास्तरांना. त्यांना काय माहीत?"

एकाचं वाक्य संपतं तिथे दुसऱ्याने उचललं, दोघांच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. किती सराव होता त्यांना! वर्षभर हे दोघं आपल्यासाठी असंच बोलत आले असणार, हे मास्तरांना तिथे, ओल्या टॉवेलांच्या वासात उभ्या उभ्या कळलं. सेक्रेटरीचा चेहराही सैल पडत होता. त्याला ते पटत होतं. मास्तरांनी नुसतं गप्प बसायचं होतं. खुर्ची कदाचित आणखी एक वर्ष राहिली असती.

"खोटं बोलतायत दोघंही," मास्तर म्हणाले. त्यांचा हा एक संशय मात्र खरा होता. "नाव मी लिहिलं. या दोघांनी अडवलं, मी ऐकलं नाही. लिहून घ्या."

"सोमवारी बघू ना मास्तर, आज—"

"आत्ताच घ्या. सोमवारपर्यंत मी काय म्हणेन, याचा मला भरवसा नाही."

सेक्रेटरीने खिशातून पेन काढलं.