यांचे वय

"आई, हे 'यांचे वय बेचाळीस' म्हणजे कोणाचं वं?" प्राचीनं आईच्या वहीवर बोट ठेवलं.

सत्यशीला तांदूळ निवडता निवडता थांबली. "गणितात बाप अन् पोरगी हाये ना, त्यातल्या बापाचं."

"मंग नाव काहून नाही लिहिलं? क्ष मानला, समीकरण मांडलं, सारं बरोबर केलं, अन् उत्तरात 'यांचे'? मार्क कापते ना तपासणारा. मास्तर म्हणे, गाईडातलं हे गणित पेपरात जसंच्या तसं येते."

गाईडातल्या त्या बापाचं नाव बळीराम. आता गाईडवाल्याला काय ठाऊक, की राळेगावकडच्या एका अंगणवाडी मदतनीसबाईच्या नवऱ्याचं नावही तेच आहे! लग्नापासून सत्यशीलानं ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. कागदावर लागलंच, तर दुसऱ्याकडून लिहून घेई. कापसानं दगा दिला, गावचा सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद पडला, बळीराम मजुरीला गुजरातेत गेला आणि तिकडेच तापानं गेला. तरी तिच्या बोलण्यात ते 'हे'च राहिले.

बाकी क्षशी तिचं छान जमलं होतं. "नाव न घेता माणसाबद्दल बोलाचं, हे मले काय शिकवतं?" असं ती पहिल्याच दिवशी लेकीला म्हणाली होती.

परवा सत्यशीलाचा दहावीच्या गणिताचा पेपर होता. अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली होती, पण ती दहावी पास बाईलाच मिळणार. मागच्या खेपेला एकट्या गणितानं घात केला होता. यंदाही हुकलं, तर प्राचीची शाळा सोडवून दोघींना कामासाठी गाव सोडावं लागणार होतं.

"दुसरं कोणतं नाव, हरिसिंग गिरिसिंग, लिहू का त्याच्या जागी?" सत्यशीलानं विचारलं.

"गणितात हाये तेच लिहा लागते, आई." मग प्राची हळूच म्हणाली, "बाबा रागावले नसते."

"रागावत नोयतेच ते कधी. हसले असते." सत्यशीलाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले, पेन घेतला आणि एकेक अक्षर जपून काढलं.

"वाच आता," प्राची म्हणाली.

"बळीरामचे वय बेचाळीस वर्षे." सत्यशीलानं आकड्यावर बोट ठेवलं. "एवढे नोयते झाले वं. अडतीसचेच होते."

प्राचीनं त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. सत्यशीलाचा हात आपसूक डोक्याकडे गेला आणि तिनं पदर पुढे ओढून घेतला.