पहिला घोट

मी बुरुंडीतल्या एका टेकडीवरचा मातीचा घडा बोलतोय. माझं पोट मोठं आहे, आणि ते लपवावं असं मला कधी वाटलं नाही. ज्वारीचं आंबवलेलं पेय माझ्यात भरायचं, बोरूच्या लांब नळ्या सोडायच्या आणि सगळ्यांनी भोवती बसून प्यायचं, ही आमची रीत. मात्र पहिला घोट यजमानीणबाईचा. आत काही वाईट नाही, हे तिनं आधी पिऊन दाखवायचं.

माझी मालकीण स्पेसिओज. तिची थोरली बहीण कॅन्सिल्ड सीमेपलीकडे, रवांडात दिलेली. दोन्ही सरकारांचं बिनसलं, नाका बंद झाला आणि चार वर्षं बहिणींची भेट नाही. स्पेसिओज मारियामातेला नवस बोलली, "ताई येईल त्याच दिवशी हा घडा भरेन." मी कोपऱ्यात पालथा. गावात लोक म्हणू लागले, "पलीकडचे विष घालतात हो!" पलीकडेही तेच म्हणत असणार.

मग फुटबॉलचा सामना ठरला, बुरुंडी विरुद्ध रवांडा, आमच्याच टेकडीखालच्या शहरात. पाहुण्यांच्या बसगाड्यांना वाट मिळाली. ताईचा निरोप आला, तसं मला धुतलं, वाळवलं, काठोकाठ भरलं.

सामना बरोबरीत सुटला. तासाभरात बस परत निघणार होती. कॅन्सिल्ड धापा टाकत टेकडी चढून आली, बरोबर तिची शेजारीण ओडेट. दोघींची तोंडं झेंड्याच्या रंगांनी माखलेली.

"ताई, हा काय अवतार! हरलात तर लाज झाकायला होय?"

"गप गं! तुमची ती पेनल्टी म्हणजे चक्क भीक!"

"भीक? पायात पाय घातला तुमच्या त्या धटिंगणानं!"

हसत, रडत, भांडत स्पेसिओजनं दोघींच्या हातात नळ्या दिल्या. आपण आधी प्यायचं, हेच विसरली.

ओडेट थबकली. "हिनं घोट घेतला नाही," ती कुजबुजली. "चल, बस सुटेल."

स्पेसिओजचा चेहरा उतरला. तिनं घाईनं नळी धरली. पण आता पिऊन काय उपयोग? शंका तर येऊन गेली होती.

कॅन्सिल्डनं तिचा हात बाजूला केला, वाकली आणि एकटीनंच लांब घोट घेतला. हनुवटी पुसत म्हणाली, "आंबट झालंय जरा. आईसारखं अजून जमत नाही तुला."

ओडेट तिच्याकडे बघत राहिली. "तू मेलीस तर मी बसमध्ये एकटी बसू होय?" असं म्हणत तिनंही नळी तोंडाला लावली. तिघींची डोकी माझ्यावर एकत्र आली. बसचा भोंगा वाजला तेव्हा मी अर्धा झालो होतो.

पुढचा सामना पलीकडे आहे. स्पेसिओज मला मांडीवर घेऊन जाणार म्हणते. मायबापहो, देवाजवळ एवढंच मागा: कोणीही जिंको, पण खेळायची बोलावणी जात-येत राहोत. मी आपला भरलेलाच बरा दिसतो.