नळी कोणाची, रक्त कोणाचं

सरांनी फोन ठेवला आणि हॉलभर नजर फिरवली, फटाकडीला सोडून. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले,

"तुझ्या रक्तात काविळीचा विषाणू निघालाय. बी कावीळ, रक्तातून पसरते ती. उद्या तुला रिंगमध्ये उतरता येणार नाही."

"मला? कावीळ? सर, कालच मी तुमची सँडबॅग उसवली!"

कोणीच हसलं नाही. एरवी हिच्या पाचकळ विनोदांवरही हॉल दणाणायचा. आज एकीने आपली पाण्याची बाटली हळूच बाकाखाली सरकवली. दुसरीने हिचे ग्लोव्ह्ज मेलेला उंदीर उचलावा तसे दोन बोटांत धरून कोपऱ्यात ठेवले. बॉक्सिंगमध्ये ओठ फुटतात, नाकं फुटतात, एकीचं रक्त दुसरीच्या जखमेला लागतं, म्हणून तर स्पर्धेआधी तपासणी! हे फटाकडीला पाठ होतं. पण ठोसा निदान येताना दिसतो. या नजरा चुकवायच्या कशा?

"मग उद्या माझ्या जागी कोण?"

"जिराफ. राखीव आहे ना ती."

झालं! फटाकडीची ट्यूब पेटली. रक्त घ्यायला लॅबचा माणूस आला, तेव्हा हिच्या मागे जिराफच उभी होती. "बघू बघू, तुझं रक्त तरी गप्प बसतं का," म्हणत तिने नळी हातात घेतली होती. आणि त्या माणसाचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये!

कपडे बदलायच्या खोलीत फटाकडीने तिला गाठलं. "नळ्या बदलल्यास ना?"

"वेडी झालीस का? मी कशाला बदलू?"

"तुझं खराब रक्त माझ्या नावावर, माझं चांगलं तुझ्या नावावर. वर माझी जागा फुकटात!"

जिराफाचा चेहरा पडला. मग तिने फटाकडीचं मनगटच धरलं. "चल. आत्ताच्या आत्ता. दोघींचं परत काढू."

लॅबमध्ये यावेळी फटाकडीने नळ्यांवरची नजर क्षणभरही हलू दिली नाही. निकाल येईपर्यंत दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. जिराफ साफ सुटली. फटाकडीच्या रक्तात पुन्हा तेच निघालं.

जिराफाने नुसती दुमडलेली बाही खाली केली. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "एवढ्यात काही लस घेतलीस का गं?"

फटाकडीने दंड चोळला. "मावशीने टोचलीय, कसली ते विचारलंच नाही. रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी. सरांना सांगू नकोस म्हणाली. स्पर्धेआधी इंजेक्शन म्हटलं की ते थयथयाट करतात."

लगेच मावशीला फोन लागला. मावशी बाळांच्या दवाखान्यात लस टोचायची. "अगं बाई! त्याच काविळीची टोचली. म्हटलं, पोरगी तपासणीत पास होईल. आमच्या बाळांचं रक्त दुसऱ्या दिवशी कोण तपासतंय?"

"लशीचा अंश काही दिवस रक्तात दिसू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुधा तेच असेल."

"बहुधा?"

"काही आठवड्यांनी परत तपासू, तेव्हाच खात्रीने सांगता येईल. उद्या मात्र नाही."

दुसऱ्या दिवशी फटाकडी स्पर्धेला गेली, बघायला. लस, अंश, बहुधा, सगळं तिने पोरींना सांगून पाहिलं. "हो का," म्हणत त्या हातभर लांबच बसल्या. त्यांना बोल लावायला हिला तोंड कुठे होतं? काल हिनेही असाच संशय घेतला होता, आणि तोही मैत्रिणीवर.

"चुकलं माझं," ती जिराफाला म्हणाली.

जिराफाने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या हाडांवरची साल निघालेली होती. "पट्ट्या बांध. सरांना धड जमत नाहीत."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की! दोघींची वाटते. तिकडच्या कोपऱ्यातल्या त्या रेड्याची आणि तुझी."

"मग?"

"मग घट्ट बांध. आणि तोंड बंद ठेव जरा."

फटाकडीने आधी हात धुतले, चांगले कोपरापर्यंत. जिराफ ते टक लावून बघत होती. मग हिने पहिला वेढा घातला.