माझा पाव पाय

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्चीला चार पाय असतात. मला पावणेचार आहेत. हा पाव पाय कुठे गेला, तेच सांगायला बसले आहे. म्हणजे आडवीच पडले आहे.

ज्या सुताराने मला घडवलं, तो माझ्यावर उभा राहून नाचला होता. बायकोला म्हणाला, ‘‘हत्ती बसला तरी हलायची नाही.’’ मी बरीच वर्षं हत्तीची वाट पाहिली. हत्ती आला नाही, एका ऑफिसने मला विकत नेलं. तिथे दमलेली माणसं पाठ टेकून उसासा सोडायची आणि ‘खुर्ची आरामशीर आहे हो’ म्हणायची. मला तेवढं पुरत असे.

मग नवे साहेब आले. नोकरीसाठी आलेल्यांच्या मुलाखती घेणं हे त्यांचं काम. समोरचा तोंड उघडू लागला की यांना जांभई यायची, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे जांभईसाहेब म्हणत. डगमगणारा माणूस खरं बोलतो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी शिपायाला करवत आणायला लावली आणि माझा पुढचा डावा पाय दोन बोटं कापून घेतला. कापताना शिपाई हळूच ‘सॉरी’ म्हणाला. त्या ऑफिसात माझ्याशी कुणी बोललं ते तेवढंच.

तेव्हापासून माझ्यावर बसणारा प्रत्येकजण डुगडुग हलू लागला. साहेब कागदावर लिहायचे, ‘उमेदवार अस्थिर’. रखवालदाराच्या जागेसाठी एक पैलवान आला होता, तोही अस्थिर निघाला. जाताना तो माझ्या मागच्या पायात एक चीर ठेवून गेला. त्या दिवसापासून कुणाची पावलं वाजली की वाटायचं, आज मी मोडणार, आणि कुणाचं तरी डोकं फुटणार.

एके सकाळी दाराबाहेर एका आईचा आवाज आला. ती मुलीला समजावत होती. हिशेबनीसाची ही जागा मिळाली तर राहतं घर सोडावं लागणार नव्हतं. ‘‘आणि पाठ टेकून बस,’’ आई म्हणाली. ‘‘टोकावर बसलं की माणूस घाबरलेला दिसतो.’’

माझ्या अंगावर काटा आला. लाकडाच्या अंगावरचा काटा म्हणजे कुसळ, ते मुलीला टोचेल म्हणून तोही मी आवरला.

मुलगी आत आली, बसली आणि आईचं ऐकून सावकाश मागे रेलू लागली. मी जिवाच्या आकांताने कर्रर्र केलं. ती दचकून पुढे सरकली. साहेब नखं काढत होते. एक नख तिच्या मांडीवर येऊन पडलं. मग त्यांनी घरी फोन लावून पडद्याच्या रंगावरून वाद घातला. फोन ठेवल्यावर विचारलं, लग्न कधी करणार, आणि केलंत तर नोकरी कशाला अडवून ठेवता? ती उत्तर देऊ लागली तशी त्यांना जांभई आली. ती पुन्हा मागे रेलली. चीर बोटभर वर सरकली. मी पुन्हा कर्रर्र केलं.

‘‘एवढ्या थरथरताय कशाला?’’ साहेब म्हणाले.

ती उठली, वाकली आणि माझ्याखाली पाहिलं. ‘‘मी नाही थरथरत, सर. हिचा पाय कापलाय.’’

साहेबांचा लिहिता हात थांबला. मग ते अगदी हळू म्हणाले, ‘‘बसायचं असेल तर बसा. नाहीतर दार तिकडे आहे.’’

मित्रांनो, तिने एकदा दाराकडे पाहिलं. दाराबाहेर आई होती आणि आईच्या मागे ते घर. ती बसली असती तरी मी तिला दोष दिला नसता. पण मी मोडले असते.

‘‘मी उभी राहून सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘विचारा.’’

साहेब लालबुंद झाले. टेबलाला वळसा घालून आले आणि ‘‘काय धाड भरलीये हिला?’’ म्हणत माझ्यावर धपकन बसले. वर पाठही टेकली. शेवटी हत्ती आला होता. मी कर्रर्र केलं नाही.

मोठा आवाज झाला. आईने दार उघडून आत डोकावलं. साहेबांचे दोन्ही पाय हवेत होते.

‘‘झाली का गं मुलाखत?’’

साहेब जमिनीवरूनच ओरडले, ‘‘अस्थिर! तुम्हाला नोकरी नाही!’’

‘‘मी उभी आहे, सर,’’ ती म्हणाली. तिने साहेबांचा चष्मा उचलून टेबलावर ठेवला आणि आईचा हात धरून निघून गेली. त्या घराचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. तीच काळजी मला रोज खाते.

आता मी त्याच ऑफिसच्या अडगळीच्या खोलीत आडवी पडून आहे. मित्रांनो, एवढं ऐका. कुठे मुलाखतीला गेलात आणि हलू लागलात, तर स्वतःला बोल लावण्याआधी खाली पाहा. आणि कधी तुमच्यावर मुलाखत घ्यायची वेळ आली, तर समोरच्या खुर्चीत आधी स्वतः बसून घ्या.

आता थांबते. शेजारच्या खोलीत कुणीतरी हळूच ‘सॉरी’ म्हणालं आहे, आणि करवत सुरू झाली आहे.